सातव्या विवराचं पाणी

भुळुक्. मग थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा भुळुक्. आणि त्यानंतर चर्चची घंटा; मोठी नव्हे, लहान.

क्षमा असावी. आधी नावं घ्यायची असतात, आवाज नंतर काढायचे असतात. तर आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या शाळेच्या मुख्याध्यापिका मारिंका पोनिकवार. शिक्षण कार्यालयातून कामं बाजूला ठेवून आलेले माननीय बोश्त्यान कोबाल. पोदगोरा गावच्या अग्निशमन दलाचे निवृत्त नायक लोय्झे बावदेक, ज्यांना आज मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलंय, का ते पुढे कळेल. आपल्या सत्कारमूर्ती विदाबाई ओतोनिचार. शेजारच्या खोऱ्यांतून आलेले भूगोलाचे शिक्षक, आजीमाजी विद्यार्थी, आणि मागच्या टेबलावरच्या पोटित्साकडे, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाकडे, डोळे लावून बसलेली समस्त मंडळी. सर्वांना सिरिल मेदेनचा नमस्कार.

तो आवाज सत्तर वर्षांपूर्वीचा. मी सात वर्षांचा होतो. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आपलं तळं जमिनीखाली जायला निघालं, की तळाशी असलेली विवरं शेवटचं पाणी गिळायची. ते गिळणं ऐकू यायचं. मग चर्चची लहान घंटा वाजायची: पाणी निघालं, टोपल्या घेऊन या, मासे उचला. सगळं गाव अनवाणी चिखलात. शाळाही सुटायची, पण सुटण्याआधी आमच्या बाई आम्हाला रांगेत उभं करून वाचनपुस्तकातल्या दोन ओळी म्हणायला लावत:

काल होतं पाणी, आज उगवलं गवत,
गेलेलं ते येईल, वाट ठेवा बघत.

महिन्याभराने त्याच जागी माझे वडील विळा घेऊन उभे असत. आमच्या कोठारात वल्हं आणि दाताळं एकाच खुंटीला टांगलेलं असे. इतर गावच्या मुलांना तळ्यासाठी निळी पेन्सिल लागे, कुरणासाठी हिरवी. आम्हाला एकाच जागेसाठी दोन्ही लागत. असा मुलगा मोठेपणी भूगोलाचा मास्तर होणार नाही तर काय होणार?

काय म्हणालात विदाबाई? हो, मुद्द्यावर येतो.

मुद्दा त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहे. तिथे एक कागद आहे आणि एक पेन. आपलं भूगोल शिक्षकांचं शनिवार मंडळ विदाबाईंनी एकतीस वर्षं चालवलं. त्या आज निवृत्त होताहेत. कार्यालयाचा नियम असा, की मंडळाचा प्रमुख नोकरीत असलेलाच हवा. जूनअखेर त्या कागदावर तशी सही नसेल, तर मंडळ बंद. कोबालसाहेब, नियम तुम्ही केला नाहीत, ठाऊक आहे मला. आपल्यातले निम्मे माझ्यासारखे निवृत्त, ज्यांची सही आता फक्त औषधांच्या दुकानात चालते. उरलेल्यांकडे दोन-दोन तीन-तीन शाळा आहेत. मागच्या आठवड्यात मी विदाबाईंना विचारलं, "निरोपाला काय हवं?" म्हणाल्या, "फुलं नकोत. त्या कागदावर एक नाव द्या." आज फुलं पुष्कळ आली आहेत.

विदाबाई या शाळेत आल्या त्या सप्टेंबरात मी बावीस वर्षं शिकवून चुकलो होतो. 'शिकवून चुकलो' हा शब्दप्रयोग मी विचार करून वापरतोय. वर्गात मी स्वतः तैलरंगात काढलेला भिंतीवरचा नकाशा होता. मोठ्या विवरापासून गिरणीच्या झऱ्यापर्यंत लाल बाण. तळ्याचं पाणी जमिनीखालून इथून जातं आणि तिथे निघतं. विदाबाई त्या बाणासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"सर, हा बाण कुणी पाहिलाय?"

"म्हणजे?"

"पाणी या वाटेने जातं, हे कुणी पाहिलंय का?"

"अहो, ते जमिनीखालून जातं. कोण पाहणार?"

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"मला शिकवलं."

"आणि त्यांना?"

मी म्हणालो, घंटा झाली वाटतं. झाली नव्हती.

त्यांनी पाणी खात्याची परवानगी काढली, निरुपद्रवी हिरवा रंग आणला आणि मुलांच्या हातून मोठ्या विवरात ओतला. मी माझा वर्ग घेऊन गिरणीच्या झऱ्यावर जाऊन बसलो. हातात पांढरं तामचिनी घमेलं. दोन दिवस आम्ही घमेल्यात पाणी घेत होतो आणि ते पाण्यासारखंच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीवाल्याचा फोन वाजला. पलीकडे आपले लोय्झे. दलाची वार्षिक कवायत चालू होती त्यांची, पार डोंगरापलीकडे, पोदगोऱ्यात.

"मास्तर, तुमच्यापैकी कुणी आमच्या डोंगरात काही ओतलंय का?"

"का हो?"

"पंपातनं हिरवं पाणी येतंय. फादरच्या ताज्या चुन्याच्या भिंतीवर गेलंय."

"फादर कुठे आहेत?"

"भिंतीसमोरच उभे होते. तेही जरा हिरवे आहेत."

हसा लोय्झे, हसा, आता हसायला हरकत नाही. त्या वेळी मात्र मी घमेलं खाली ठेवून हिशेब करत बसलो. बावीस वर्षांत शिकवलेली मुलं. कितीजण तो बाण डोक्यात घेऊन संसाराला लागले असतील? दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर विदाबाई रंगाचा डबा घेऊन उभ्या. वाटलं, आता या बाण पुसणार आणि मी बघत बसणार. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "बाण तुमचा आहे सर. तुम्हीच हलवा." मुलांसमोर हलवला. 

त्याच शनिवारी मंडळ सुरू झालं, खोली नंबर सातमध्ये. पहिला नियम: सगळ्यांनी लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसायचं. गुडघे हनुवटीला लागले की माणसाची मतं आपोआप कमी होतात, असं विदाबाईंचं म्हणणं. एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. आणि शेवटी मत द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा: मला अमुक कळलं नाही, ते कसं?

त्या खुर्च्यांवर बसून मी काय काय शिकलो, सांगू? अर्धा बटाटा पालथा घालायचा, त्याच्या आडव्या चकत्या करायच्या, मोठीपासून लहानीपर्यंत एकेक चकती कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. डोंगराच्या समोच्च रेषा तयार. मी वीस वर्षं त्या फळ्यावर काढून मुलांना जांभया आणत होतो. धडा संपला की डोंगराचं सूप. साखरेचे खडे काचेच्या पेटीत रचून वरून थेंब थेंब पाणी सोडायचं, तासाभरात आत गुहा पडते. चुनखडीला हजारो वर्षं लागतात तेच. शाळा ते घर असा नकाशा काढायचा, पण त्यात एकही नाव लिहायचं नाही, नुसते आवाज आणि वास. एका मुलीने पूर्ण चौकोन काळा केला होता. विचारलं तर म्हणाली, "इथे कुत्रा आहे, मी नाक-कान बंद करून पळते." नकाशात भीती दाखवता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि तळ्याकाठची ती रंगवलेली काठी. रोज दोन मुलं जाऊन पाण्याची उंची लिहून आणतात. एकतीस वर्षांच्या वह्या आहेत. गोवराच्या साथीत एक आठवडा कोरा आहे, तेवढाच.

आता जे सांगणार आहे ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. विदाबाई, अडवू नका.

सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल. मंडळात पोलोना तुर्शिच नावाच्या तरुण बाई नुकत्या यायला लागल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी चार कागद शिवून केलेला मोठा नकाशा जमिनीवर पसरला. त्यांच्या मुलांनी घरोघर आज्यांना विचारून तळ्यातली विवरं टिपली होती. नावंसुद्धा आज्यांचीच: 'सासूचं तोंड', 'वासरू गेलं ते', 'पोरीचा रुमाल'. पण उत्तर दिशा वर नव्हती. जिकडून तळ्यात पाणी येतं ती बाजू वर होती. मी लहान खुर्चीवर बसलो होतो, गुडघे हनुवटीला होते, तरी म्हणालो, "पोलोनाबाई, उत्तर खाली असलेला नकाशा म्हणजे डोक्यात घातलेला बूट. चालायला लागाल तेव्हा कळेल."

सगळे हसले. विदाबाई हसल्या नाहीत. पोलोनाबाई म्हणाल्या, "आभारी आहे सर," कोट घातला आणि गेल्या. नकाशा तिथेच राहिला. पुढच्या शनिवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली, डोंगराच्या दक्षिणेला, झालोगच्या शाळेत. त्या संध्याकाळी घरी जाताना विदाबाई एकच वाक्य बोलल्या, "सर, तो प्रश्न नव्हता." सहा वर्षांत त्यावर दुसरं वाक्य नाही. ज्या बाईने माझ्या चुकीवर माझ्या हातात ब्रश दिला, तिच्या मंडळात जिचं बरोबर होतं अशा बाईच्या हातून मी नकाशा काढून घेतला. आज त्या कागदावर नाव नाही ना? ते नाव मी सहा वर्षांपूर्वी पुसलंय. लोकांना कळावं म्हणून इथे उभं राहून सांगतोय.

गेल्या शरदात कपाट आवरताना विदाबाईंनी तो नकाशा माझ्या हातात दिला. "घरी न्या. उलटा धरा, म्हणजे सरळ दिसेल." स्वयंपाकघरात पसरला. माझ्या नकाशात नसलेली सात विवरं होती त्यात. काठी घेऊन शोधायला निघालो. त्यातली सहा हिवाळा सुरू होण्याआधीच सापडली. सातवं, 'पोरीचा रुमाल', मे महिन्यात पाणी उतरल्यावर विदाबाईंच्या आठवीच्या वर्गाबरोबर. लव्हाळ्यांच्या बेटात, टोपलीएवढं तोंड. मुलं म्हणाली, हे नसेल सर, हे तर उंदराचं बीळ. म्हटलं, गप्प बसा जरा. गप्प बसली.

भुळुक्.

सत्तर वर्षांनी. मी तिथेच चिखलात बसलो. ते शिक्षक-प्रशिक्षणात मोडतं की नाही, ते कोबालसाहेबांनी ठरवावं.

हिवाळ्यात पोलोनाबाईंना तीनदा पत्र लिहिलं. तिन्ही पत्रांत दोन-दोन पानं हवामान. माफीपर्यंत पोचलोच नाही. टाकलं एकही नाही.

परवा, गुरुवारी, विदाबाईंनी शेवटचा तास घेतला. परवानगी काढून 'पोरीच्या रुमाला'त हिरवा रंग ओतला. हे पाणी कुठे निघतं, कुणालाच ठाऊक नाही. कुठे निघतं ते समारंभाआधी कळलं, तर तोच विदाबाईंचा निरोप, असं मुलांनी ठरवलं. चार झऱ्यांवर पहारे बसवले. कुठे बसवायचे ते मी सांगितलं, माझ्या नकाशावर जिथे जिथे बाण आहेत तिथे. लोय्झे तर पंपही पुसून आलेत. आता शनिवारचे चार वाजले. मारिंकाबाईंच्या हातात सकाळपासून फोन आहे. चारही ठिकाणी पाणी पाण्याच्या रंगाचं. मुलं हिरमुसली आहेत. मुलांनो, तुमचं काही चुकलं नाही. पाणी गेलं म्हणजे कुठेतरी निघणारच. आपण पाहतोय तिथेच निघावं, एवढंच त्याला बंधन नाही.

असो. विदाबाई, तुम्ही मला पंचेचाळिशीनंतर विद्यार्थी केलंत. आणखी काय सांगू? उद्यापासून काठीवरचं पाणी कोण वाचणार, असं काल तुम्ही विचारत होता. तुम्हीच वाचणार, नाहीतर कोण? मी वही धरीन.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, पोटित्सा करणाऱ्या स्वयंपाकघरातल्या मंडळींचे मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, त्याबद्दल क्षमा करा. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल तर तीही चूक पोटात घाला. आणि जिची क्षमा मागायची ती या सभागृहात नाही, हे ठाऊक असूनही मी इथूनच म्हणतो: पोलोनाबाई, नकाशा बरोबर होता. बूट माझ्या डोक्यात होता.

दारापाशी काय चाललंय? कुणी आलंय का? उघडा ना, कडी वरून आहे.

सरका जरा, मला दिसत नाही. गुडघ्यापर्यंत चिखल... हातात काय आहे? बाटली?

उजेडात धरा. तशीच धरा, हलवू नका. मुलांनो, बघितलंत? हिरवं आहे.

काय म्हणता? शाळेमागच्या झऱ्यात, दुपारपासून? झालोगला? माझ्या नकाशात तिकडे एकसुद्धा बाण नाही हो.

मारिंकाबाई, फोन ठेवा आता. पोलोनाबाईंना खुर्ची द्या कुणीतरी. ती नको, ती मोठी आहे. माझीच द्या, ती लहान.