आढ्यावरचं बुजगावणं

(नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं एक गाव, उन्हाळा उतरणीला लागलेला. रविवारची प्रार्थना आटोपून सिग्रून गाडी घराकडे आणतेय. शेजारी तिचा नवरा टोरगेर. अंगात चर्चचा कोट, पण नखांत अजून लाकडाचा भुसा.)

सिग्रून: हसत विचारलं म्हणून काय झालं, विचारलंच ना. तिघींनी विचारलं, तेही चर्चच्या पायरीवर. टोरगेरच्या गॅरेजचं आढं चढलं म्हणे, मग सायीची लापशी कधी? मी काय सांगितलं असेल?

टोरगेर: खरं तेच सांगायचं. आढं चढलं की मालकाने कामकऱ्यांना जेवू घालायचं, ही रीत. मालक मी, कामकरी मी. त्या दिवशी संध्याकाळी मी मला वॅफल वाढलं, वर जॅम. मालकाने हात आखडता घेतला नाही आणि कामकऱ्याची तक्रार नाही. विषय संपला.

सिग्रून: वॅफल मी केलं होतं.

टोरगेर: मग तू आचारी. आचाऱ्याला कोण विचारतं.

सिग्रून: उतरवू का इथेच? चालत ये घरी.

टोरगेर: अगं, रस्त्याकडे बघ.

सिग्रून: बघतेय. आणि आढं मंगळवारीच चढायचं होतं. सगळी मांडामांड करून ठेवली होतीस, कप्पी टांगून झाली होती, आणि मग तुझा तो वारा आडवा आला. बुधवारी मी कामावर असताना उरकून टाकलंस. मी बघायला नको म्हणून.

टोरगेर: वाऱ्यात आढं चढवत नाहीत. फेरीबोटीवर काम केलेल्या माणसाला वारा शिकवू नकोस.

सिग्रून: नाही शिकवत बाबा. पण गावात कोणाची पडवी असो, होडीची शेड असो, आख्खं गाव हातोडे घेऊन दुगनादला येतं, फुकट हात लावायला. तूही गेलायस, एकही चुकवला नाहीस. आणि आपली वेळ आली तेव्हा कुंपणावर पाटी. काय, तर 'मदत नको, आभारी आहे.' लागतं रे ते लोकांना.

टोरगेर: आभारी आहे असं लिहिलं होतं ना.

सिग्रून: आनफिन बिचारा पहिल्याच दिवशी आला. शेजारी आहे, नुसतं विचारलं त्याने, शिडी धरू का म्हणून. तर तू त्याला पाटी वाचून दाखवलीस. गावाची पत्रं वाटण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला वाचून दाखवतोयस.

टोरगेर: सिग्रून, एकदाच सांगतो. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून या गावाने मला दुधाचा पुडा उचलू दिला नाही. दुकानात पिशवी हातात घेतली की मागून कोणीतरी काढून घेतंय. मनगटाएवढे दोर ओढलेत मी. आणि हिवाळाभर काय केलं, तर खिडकीत बसून बघितलं, दुसरा माणूस माझ्या दारात माझी लाकडं रचतोय. डॉक्टर म्हणाला बरा झालास. गावाला पटत नाही, आणि खरं सांगू, मलाही पटत नव्हतं. हे गॅरेज उभं राहिलं आणि त्यात दुसऱ्या कोणाचा एक खिळा नसला, तर मी बरा झालो. असला, तर नाही. एवढंच आहे ते.

सिग्रून: कळतंय मला. म्हणून तर उन्हाळाभर गप्प होते.

टोरगेर: तू. गप्प.

सिग्रून: माझ्या मानाने. हं, आलं घर. लांबून बरं दिसतंय हो तुझं गॅरेज. इतकी वर्षं हिवाळ्यात रोज सकाळी काचेवरचं बर्फ मी खरवडलंय, यंदा गाडी आत. त्यासाठी तुला हजार पाट्या माफ. काय रे? काय झालं?

टोरगेर: आढ्यावर कोण बसलंय?

सिग्रून: कुठे?

टोरगेर: थांबव गाडी. माणूस बसलाय वर. नाही, माणूस नाही. पाय गवताचे आहेत.

सिग्रून: अगं बाई.

टोरगेर: बुजगावणं आहे. माझ्या आढ्यावर कंजूषाचं बुजगावणं बसवलंय कोणीतरी. लोकांना राबवून घेऊन उपाशी घालवणाऱ्याच्या छपरावर बसवतात ते. मी कोणाला राबवलं गं?

सिग्रून: हातात वाटी दिलीय बघ. रिकामी. आणि दुसऱ्या हातात चमचा.

टोरगेर: हसू नकोस. गावाने येता-जाता बघितलं असेल. आणि ती टोपी... ती माझी फेरीची टोपी आहे. ती तर आपल्या दारामागच्या खुंटीवर असते.

सिग्रून: असते खरी.

टोरगेर: सिग्रून.

सिग्रून: आनफिन उभा आहे कुंपणाशी, त्याला विचार. मी गाडी नीट लावते.

आनफिन: या, या. प्रार्थना लांबली वाटतं आज?

टोरगेर: हे तुझं काम?

आनफिन: असं बघ, टोरगेर, रीत ती रीत. आढं चढलं. कामकऱ्याच्या तोंडात लापशीचा घास पडला नाही. आता कामकऱ्याने काय करायचं?

टोरगेर: कुठला कामकरी? एक खिळा ठोकलास तू? एक फळी धरलीस?

आनफिन: नाही. एकही नाही.

टोरगेर: मग कुठल्या तोंडाने लापशी मागतोस? आणि थांब. हे वर चढवलं कोणी?

आनफिन: मी.

टोरगेर: त्या गुडघ्याने?

आनफिन: डाव्याने जरा कुरकुर केली. शिडीपर्यंत ठीक होतं. पुढे आढ्यावर घोड्यावर बसतात तसा बसलो आणि सरकत सरकत गेलो. उतरताना मात्र वेळ लागला. पायाला पायरी सापडेना.

टोरगेर: शिडी कोणी धरली?

आनफिन: कोण धरणार? सगळे प्रार्थनेला.

टोरगेर: डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वासे उघडे आहेत अजून, खाली नुसती सिमेंटची लादी. तोल गेला असता म्हणजे? आख्खं गाव चर्चमध्ये आणि तू इथे पडलेला, हाक मारलीस तरी कोण ऐकणार? मला सांगितलं असतंस तर मी धरली असती शिडी. या वयात एकट्याने वर चढायचं, कोणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, हा कसला...

सिग्रून: बोल ना. थांबलास का?

टोरगेर: काही नाही.

सिग्रून: 'हा कसला हट्ट,' असं आहे पुढे. मला पाठ आहे सगळं. जून महिन्यापासून रोज कामावर जाताना मनातल्या मनात म्हणतेय.

आनफिन: मला तर बरं वाटलं हो ऐकून. इतक्या काळजीने बऱ्याच दिवसांत कोणी ओरडलं नव्हतं.

सिग्रून: तू जास्त बोलू नकोस. मी टोपी दिली ती तुझ्या भाच्याला वर चढव म्हणून. तू स्वतः चढशील असं कुठे ठरलं होतं?

टोरगेर: म्हणजे तूही सामील आहेस.

सिग्रून: टोपीपुरती.

आनफिन: आणि खिडकीपुरती.

सिग्रून: आनफिन.

आनफिन: सांगून टाकू या गं. आता वाटी वर चढलीच आहे.

टोरगेर: कुठली खिडकी?

सिग्रून: माझं ऐक, मग चिड. मी दिवसभर वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. बटाटे सोलतेय आणि जीव इकडे. म्हणून मी याला म्हटलं, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसतं, जरा लक्ष असू दे. हात लावू नकोस, बोलू नकोस. पडलाच, तर तेवढा फोन कर.

टोरगेर: मला वाटायचं, कॉफी पिताना बघतो. खिडकीत बसलेला माणूस बघणारच. हा पहारा होता होय.

सिग्रून: पहारा नाही रे.

टोरगेर: मग काय? पोर वाळूत किल्ला बांधतंय आणि आई बाकावर बसून बघतेय. पोराला वाटतंय आपण केवढे मोठे झालो. तसं झालं हे. मग मी एकट्याने काय बांधलं, सांग ना.

आनफिन: सगळं. सांगू का मी काय बघितलं ते? तू पहिली भिंत आडवी जोडलीस आणि उभी करताना तीनदा खाली आली. चौथ्यांदा उभी राहिली तेव्हा तू तिला लाथ घातलीस.

टोरगेर: ते बघितलंस?

आनफिन: सगळं बघितलं. कुठे पावलं मोजलीस, कुठे चुकलास, कुठे कोणी बघत नाही असं समजून फळी परत उचकटलीस. त्यात माझा एक खिळा नाही. कोणी विचारलं तर बायबलवर हात ठेवून सांगेन, आणि मी एकटाच आहे असं सांगू शकणारा. तू स्वतः सांगितलंस तर लोक म्हणतील, सांगणारच.

सिग्रून: हे मात्र बरोबर बोलला.

आनफिन: आणि बुधवारचं सांगतो. आढं चढवायला घेतलंस. एक टोक हातभर वर, खाली ठोकळा, मग दुसऱ्या टोकाकडे. माझी कॉफी कपात गार झाली. निम्म्यावर आलं आणि दोर सटकला, आढं फिरलं, तू मागे उडी मारलीस आणि भिंतीला टेकून खाली बसलास. छातीवर हात.

सिग्रून: काय?

टोरगेर: अगं पेन्सिल शोधत होतो. वरच्या खिशात असते.

सिग्रून: छातीवर हात ठेवून बसला होतास आणि मला वॅफल करायला सांगितलंस?

टोरगेर: पेन्सिल होती सिग्रून, देवाशपथ. खूण करायची होती नव्या जागी.

आनफिन: मला पलीकडून पेन्सिल कुठून दिसणार? मी बूट चढवले. दाराची कडी धरली. आणि उभा राहिलो.

टोरगेर: आला नाहीस पण.

आनफिन: नाही आलो.

टोरगेर: का?

आनफिन: हिवाळ्यात मी तुझ्या दारात लाकडं रचायचो, आठवतंय? तू पडदा ओढून घ्यायचास. दर वेळी. मला राग नाही आला, पण तो पडदा मी विसरलो नाही. म्हटलं, आता आपण दार उघडून धावत गेलो आणि हा नुसताच दम खात बसला असेल, तर हे गॅरेज याचं राहणार नाही. म्हणून दहापर्यंत मोजायचं ठरवलं. दहा झाले, परत पहिल्यापासून. तेवढ्यात तू उठलास, कानावर पेन्सिल, आणि कप्पीला हात घातलास. मग मी बूट काढले. कडी इतकी आवळून धरली होती की बोटं सरळ होईनात. म्हणून म्हणतो, टोरगेर, मी काम केलंय. एवढं जड काम मी टपालखात्यातही केलं नव्हतं.

सिग्रून: आनफिन, हे तू मलाही सांगितलं नव्हतंस.

आनफिन: तुला सांगितलं असतं तर तू याला काम करू दिलं असतंस का?

सिग्रून: नसतं दिलं.

टोरगेर: सिग्रून.

सिग्रून: काय?

टोरगेर: साय आहे का घरात?

सिग्रून: कालच आणलीय. मोठ्या पातेल्यात होईल एवढी. लोणीही आहे, दालचिनी आहे.

टोरगेर: एवढी कशाला? आपण तिघं.

सिग्रून: चर्चच्या पायरीवर मी काय सांगितलं, हे तू विचारलंच नाहीस.

टोरगेर: किती वाजता येताहेत?

सिग्रून: तीन वाजता. तिघीही, नवऱ्यांसकट. त्यांनी काम केलं नाहीये, पण विचारायची फार तयारी होती त्यांची. पाटी काढ तेवढी. आणि चर्चचा कोट उतरव आधी, त्याला धुळीचा हात लागला तर मी गप्प बसणार नाही. मी लापशी ठेवते.

आनफिन: जेवू घालणाऱ्याच्या आढ्यावर लावतात ते डहाळ्यांचं हिरवं कडं मी बांधून ठेवलंय, शेडमागे आहे. बुजगावणं उतरलं की ते लागायला हवं तिथे. मी चढू का परत?

टोरगेर: तू चढलास तर मी तो गुडघा करवतीने काढेन. मी चढतो.

आनफिन: बरं. मी कुंपणाशी उभा राहतो.

टोरगेर: कुंपणाशी कशाला? इकडे ये.

आनफिन: आलो.

टोरगेर: शिडी धर.

आनफिन: धरू?

टोरगेर: धर म्हटलं ना. दोन्ही हातांनी. आणि वर बघू नकोस, गवत डोळ्यांत जाईल.

आनफिन: धरलीय. चढ सावकाश. पोचलास?

टोरगेर: पोचलो. कसं बांधलंयस हे? टपालाची गाठ मारलीयस. सुटत नाहीये.

आनफिन: सुटेल, घाई नाही. टोरगेर, एक विचारू? आता पाटीही निघणार आहे म्हणून विचारतो.

टोरगेर: विचार.

आनफिन: मंगळवारी तुझी सगळी तयारी होती. सिग्रूनला तू वारा आहे म्हणालास. मंगळवारी मी पहाटेपासून होडी घेऊन बांगडे पकडत होतो, पार अंधार पडेस्तोवर. पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. कुठला वारा?

टोरगेर: सुटली गाठ. टाकतो हं टोपी, झेल.

आनफिन: झेलली. सांग ना, का थांबलास?

टोरगेर: तू खिडकीत नव्हतास.