त्या चौकोनात खिळा कोणी ठोकला?

आत दाटीवाटीने बसलेल्यांनो, अंगणात उभे असलेल्यांनो, तुम्ही सरावलीहून आलात, कासाहून जीप पकडून आमच्या कैनाडला आलात. माझी थोरली वहिनी गेली. मला बोलायला उठवलंय. आणि खरं सांगू? आज रडण्यापेक्षा राग जास्त येतोय.

वहिनीने मला कायम वैताग दिला. हे विटांचं घर बांधलं, नवं कोरं प्लास्टर केलं. बाईने त्यावर शेणमाती लिंपली! मी ओरडलो, "वहिनी, सिमेंटवर शेण?" तर म्हणते, "तुझ्या सिमेंटवर तांदळाचं पीठ धरत नाही. मग चित्र कशावर काढू?"

काढलं, तेही उलटं! आतल्या भिंतीवर शेत, ताड, बैल, खाडीतल्या होड्या. बाहेरच्या भिंतीवर चूल, माठ आणि खाटेवर घोरणारा माझा भाऊ. दादा, तू तर किती दिवस मागच्या दाराने ये-जा केलीस! मी विचारलं, "घरातलं बाहेर कशाला?" म्हणाली, "मी दिवसभर चुलीपुढे. मला शेत कधी दिसणार? आणि बाहेरच्यांना तरी कळू दे, आत काय चालतं ते."

आतली भिंत भरली, मधे एक चौकोन कोरा. मी म्हणायचो, "वहिनी, भर की तो. दात पडल्यासारखा दिसतो." "तो रंजनाचा. तिच्या लग्नाचा चौक तिथे लिहायचा." आपल्यात लग्नघरात आतल्या भिंतीवर पिठाने चौकाचं चित्र लिहितात, ठाऊक आहे. पण लेक तेव्हा शाळेत होती हो! तरी तिथे कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. अंथरुणाला खिळली तेव्हाही तेच, "भावजी, तेवढी जागा सांभाळ."

आणि आज सकाळी तुम्ही काय केलंत? बरोबर तिथेच खिळा ठोकलात! वर वहिनीचाच फोटो, हार घालून! अरे, मोकळी जागा दिसली की ठोकायचाच का खिळा?

रंजना, ऊठ पोरी. तो फोटो काढ. बाहेरच्या भिंतीवर नेऊन चुलीच्या चित्रापाशी ठेव. त्या चुलीपुढे वहिनीने कोणालाच बसवलेलं नाही. खिळ्याचं भोक मी उद्या शेणमातीने बुजवतो. हो, मीच.

आता सगळे उभे राहा. बाहेरच्यांनी चुलीकडे बघा. आतल्यांनी त्या कोऱ्या चौकोनाकडे.