जागा धरली

वरोऱ्याहून निघालेल्या बल्लारपूरच्या बसमध्ये नूतनच्या पुढच्या सीटवर म्हाताऱ्या केसरबाई बसल्या होत्या. त्यांनी मैत्रिणीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"नीला, पोचली का व घरी?"

"कशाची पोचतो? मी वरोऱ्याच्या स्टँडवरच हाये. तू मले पोचवाले आली होती ना?"

"मंग बसमंदी कोण बसलं?"

"तू. माह्यासाठी जागा धराले चढली होती."

"अवं, मंग मले उतर काऊन नाई म्हणलं?"

"मले वाटलं, पाहुणी तूच होय. मी टाटा केला. रडूबी आलं."

"आता माह्या घरी जाय, भाजी झाकून ठेवली हाये. मी तुह्या घरी जेवतो."

"एकटीच जाशीन?"

"तुले एकटीले पाठवाले जिवावर आलं होतं माह्या. बरं झालं, मीच बसलो."