कुलपाच्या नटाची चावी

किसुमूतल्या टायरच्या दुकानात माझं पंक्चर निघेपर्यंत मी बाकावर बसलो होतो. शेजारी बसलेले म्झे ओबुरा, म्हणजे ओबुरा आजोबा, हात धुवायला मागे गेले आणि त्यांची बायको उठून त्यांच्या गाडीचं चाक काढणाऱ्या मेकॅनिकजवळ गेली.

"आजी, चाकाच्या कुलपी नटाची चावी द्या. त्याशिवाय चाक निघायचं नाही."

"चावी नाही रे, ओकेलो. चोरांना मिळू नये म्हणून आमच्या यांनी लपवली."

"कुठे?"

"ते आता चोरांनाच विचारायला हवं. हे विसरलेत. मी खुराडं उपसलं, लिंबाचं झाड चारी बाजूंनी खणलं. उगालीच्या मक्याच्या पिठात यांचा चष्मा सापडला, चावी नाही."

"मग नट तोडावा लागेल."

"तोड. पण त्यांना सांग, चावी माझ्याकडून हरवली. आपण विसरायला लागलोय हे कळलं, तर घाबरतील रे ते."

"बरं, आजी."

"आले बघ. मी समोरून भाजलेली कणसं घेऊन येते."

"काय रे ओकेलो, चाक अजून जागेवरच?"

"म्झे, चावी आजींकडून हरवली. नट तोडतोय."

"तिनंच सांगितलं?"

"हो."

"तू काही बोलला नाहीस ना तिला?"

"नाही, म्झे."

"बरं केलंस. वय झालंय तिचं. हल्ली दिवसभर काहीतरी शोधत असते. काय शोधतेस विचारलं, तर नुसती हसते. म्हणून मी विचारणं सोडलं. मीही आपला तिच्या शेजारी बसून शोधतो."