एका दमात उठणारे बाबा

गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत बसलेल्या निवृत्त मास्तरांनी वर्तमानपत्र उघडं धरलं होतं. कान मात्र शेजारच्या सासू-सुनेकडे होते.

"माझं अ‍ॅनिमेशन दोनदा परत आलं, आई. आज तिसऱ्यांदा नापास झालं, तर काम गेलंच."

"इतकं काय चुकतंय गं त्या बाहुल्याचं?"

"ज्या बाईंनी काम दिलंय, त्यांनी कॉम्प्युटरमधल्या जगात घर मांडलंय. तिथे त्यांच्या वडिलांचा अवतार खुर्चीतून उठायला हवा. मी उठवते, तर म्हणतात, हे माझे बाबा नव्हेत."

"दाखव बघू. अगं, हा तर एका दमात उठला!"

"मग?"

"साठीनंतर असं कोण उठतं? आधी पुढे सरकायचं. मग हात गुडघ्यावर. मग जरा थांबायचं."

"थांबायचं कशाला?"

"उठावं की राहू द्यावं, याचा विचार करायला."

"तुम्ही उठून दाखवा ना, मी व्हिडिओ घेते."

"मी साडी सावरत उठणार. तुला बाबा हवेत."

तेवढ्यात मास्तरांचा नंबर पुकारला. ते पुढे सरकले, हात गुडघ्यावर ठेवला आणि थांबले. समोर सुनेचा मोबाइल होता.

"काका, चालेल ना?"

"चालेल. पण पोरी, मी उठताना 'आई गं' म्हणतो. तेही हवंय का?"

"अहो, तेच तर राहिलं होतं!" सासूबाई म्हणाल्या.

"नंबर सात! कोण आहे सात?"

"आठला सोडा आत," मास्तर पुन्हा खुर्चीत टेकत म्हणाले, "आमचं काम चाललंय."