मधला वऱ्हांडा

एशियाडच्या सालची गोष्ट सांगतो. आमच्या कटंगीत कोणाकडे पोरगं झालं का आशीर्वाद द्यायले हिजडा चंपाबाईच लागे. ती तापानं फणफणली, म्हणून मी तिले बालाघाटच्या दवाखान्यात नेलं.

बायांच्या वार्डातली नर्स म्हणे, "माणसांच्या वार्डात न्या."

तिकडची म्हणे, "इथं कशी झोपवू हिले?"

शेवटी मधातल्या वऱ्हांड्यात चटई टाकली. डॉक्टर काही फिरकला नाही. पण एका बाळंतिणीची सासू नातू घेऊन आली. "चंपाबाई, याच्या डोक्यावर हात ठेव ना!" तिच्यानं हात उचलवेना, मीच धरून ठेवला.

संध्याकाळी डॉक्टर दिसला. दुरूनच म्हणे, "चंपा, हमारे यहाँ भी पोता हुआ है. आना जरूर!"

म्या म्हटलं, "साहेब, ती मघाशीच गेली."