मोहरीएवढी जागा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, परिचारिका भगिनी, तंत्रज्ञ मंडळी, आणि मागच्या रांगेत फोन मांडीखाली लपवून बसलेले माझे विद्यार्थी,

अध्यक्षांना 'महोदय' म्हणताना जीभ जरा अडखळते. हृदयाच्या ठोक्यांचं शास्त्र शिकायला माझ्याकडे आलेला हा पहिला विद्यार्थी. पहिल्याच दिवशी हृदयात सरकवायच्या तारेचं वेटोळं याच्या हातून सुटलं आणि थेट माझ्या बुटात शिरलं. आज याच्याच सहीच्या पत्राने मी निवृत्त होतो आहे. असो. आमच्या सौभाग्यवतींनी निघताना बजावलं आहे, "दहाच मिनिटं बोला. आणि कविता म्हणायची नाही, सांगून ठेवते." प्रयत्न करतो.

अनेकांनी विचारलं, सर, अजून दोन वर्षं होती, मग आत्ताच का? आमच्या शाखेचा नियम आहे. डॉक्टरने वर्षाला किमान तीस प्रक्रिया स्वतःच्या हाताने केल्या पाहिजेत. नाहीतर त्याने टेबलाशी एकट्याने उभं राहू नये. गेल्या वर्षी माझ्या नावापुढे सात आहेत. बाकी सगळीकडे मी 'देखरेख'. तार तुमच्या हातात आणि मी मागे, हात पाठीशी बांधून. लोक म्हणतात, सर दिलदार, सगळं विद्यार्थ्यांना देऊन टाकतात. दिलदारी होती की भीती? इतक्या वर्षांत माझं मलाच उमगलेलं नाही. आणि हा नियम लिहिला कुणी? मीच.

एकतीस वर्षांपूर्वी असले नियम नव्हते. मी पाच प्रक्रिया दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिल्या होत्या, दोन केल्या होत्या, आणि दारावर 'तज्ज्ञ' अशी पाटी लावली होती. नववीतली एक मुलगी आली. फळ्यासमोर उभी राहिली की एकाएकी छाती धडधडायची. हृदयात एक जास्तीची वाट होती, ती तारेच्या टोकाने भाजून बंद करायची. भूल जागेपुरतीच, म्हणून पोर घाबरलेली. मी म्हटलं, "शाळेतली एखादी कविता येते का गं?"

"सगळ्या येतात."

"मग म्हण की!"

काय म्हणत होती! लघु-गुरू जिथल्या तिथे. मी मान डोलावत होतो. तारेवर हात, आणि मान डोलावत होतो! वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात ठोका उतरतो तो मोहरीएवढ्या जागेतून. ती जागा माझ्या तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर. तार सरकली. दुसऱ्या कडव्यात ओळ मध्येच थांबली. मला वाटलं, विसरली. "पुढे?" मी म्हणालो. पडद्याकडे त्यानंतर पाहिलं.

ती वाचली. पण ती मोहरीएवढी जागा जळाली होती, आणि तेव्हापासून तिचं हृदय छातीत बसवलेल्या यंत्रावर चालतं. आई बाहेर बाकावर बसली होती. तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला हे नीट येत होतं ना, डॉक्टर?"

मी हो म्हणालो.

खरं उत्तर मी नंतर नियमांच्या मसुद्यात लिहिलं. त्या माउलीला सांगायचं राहून गेलं. आता ती नाही.

मुलीला मात्र शब्द दिला होता, मी आहे तोवर यंत्राची बॅटरी मीच बदलीन. दोनदा बदलली. तिसरी पाळी उद्या सकाळी. ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. शाळेत भाषा शिकवते. गेल्या आठवड्यात तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला ठाऊक होतं, डॉक्टरकाका. तुम्ही हो म्हणालात तेव्हा जमिनीकडे बघत होता म्हणे."

मग मी अध्यक्षांच्या खोलीत गेलो. एवढी एक करू दे, म्हटलं. हा उभा राहिला. म्हणाला, "सर, परवानगीवर सही करतो मी. पण तुम्हीच सांगा, करू?"

माझा हात याच्या टेबलावर होता, आणि बोटांखाली चहाची बशी वाजत होती. दोघांनीही ऐकलं.

मुलीला म्हटलं, "बाई, मला जमणार नाही गं." ती म्हणाली, "मग बाहेर बसा. आई बसायची तिथे. आणि मी आत ती कविता म्हणणार आहे. या वेळी पुरी."

मुलांनो, उद्या टेबलाशी तुमच्यातलाच एक जण असेल. त्याने मान डोलावू नये, एवढंच मागणं.

आपण सर्वांनी शाल दिली, चार चांगले शब्द दिले, या म्हाताऱ्याचं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर उदार मनाने पोटात घाला. टेबलावर झालेलं तेवढं घालू नका. ते विभागाच्या नोंदवहीतच राहू द्या.

आणि सौभाग्यवती, बघा, मी कविता म्हटली नाही. ती उद्या सकाळी आठ वाजता आत म्हटली जाईल. क्ष-किरणांसाठी त्या दाराला शिशाचा पत्रा आहे. बाकावर काही ऐकू येत नाही.